ठेवायची का काढायची

"मागची बाई ठेवायची का काढायची?" मल्लप्पानं विचारलं, आणि शिवशरणला आधी वाटलं की हा दुसऱ्याच कुणाच्या तरी फोटोबद्दल बोलतोय. दुपारची वेळ होती, नवी पेठेतल्या त्या स्टुडिओत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. अप्पांना जाऊन महिना होत आला होता. भिंतीवर लावायला त्यांचा एकट्याचा मोठा फोटो हवा होता, आणि चनबसप्पा अडत्यांनी जन्मभर कॅमेऱ्यासमोर जायचं असं टाळलं होतं की चेहरा नीट दिसेल असा घरात एकच फोटो निघाला, तो त्यांच्या दुसऱ्या लग्नाचा. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, मधल्या खुर्चीवर फेटा बांधलेले अप्पा, शेजारी मान खाली घातलेली नवी नवरी जगदेवी, दोन्ही बाजूंना पाहुणे, आणि पुढं सतरंजीवर मांडी घालून बसलेला सहा वर्षांचा शिवशरण, कानांवर उतरलेल्या जरीच्या टोपीत. सगळ्यांच्या मागं घराचं उघडं दार होतं. दार म्हणजे एक उभा काळा चौकोन. लहानपणापासून त्यानं तो फोटो पाहिला होता, आणि त्या चौकोनात कधी काही पाहिलं नव्हतं.

"कुठली बाई?"

"ही की." मल्लप्पानं निगेटिव्हची काच उचलून खिडकीच्या उजेडात धरली. फोटो त्याच्या वडलांनी काढलेला होता, आणि जुन्या काचा त्यांनी पेट्यांत जपून ठेवल्या होत्या. काचेवर सगळं उलटं होतं, माणसांचे चेहरे कोळशासारखे, फेटे आणि उपरणी काळीकुट्ट, आणि दाराचा चौकोन मात्र पाण्यासारखा मोकळा. "कागदावर न्हाय दिसायची. पण काच बगा, तितं अगदी मोकळी न्हाय. हितं डोकं, हितं खांदा. अप्पांना एकटं काढायचं म्हटलं की ती बरोबर त्यांच्या खांद्यामागं येती. म्हनून इचारलं."

शिवशरणनं डोळे बारीक केले. आरशावर कुणी श्वास सोडावा आणि तो पुसला जायच्या आधी दिसावा, तसं काहीतरी होतं. मान किंचित कललेली. मग नव्हतं. मग परत होतं.

"कोण आहे?"

"ते मला काय म्हाईत? तुमच्या घरातलीच आसंल की कोन तरी."

"ठेवा," तो म्हणाला. लगेच म्हणाला, "नको, थांबा. ही काच मला द्या. फोटोचं नंतर बघू."

काच वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून तो बाळीवेशीकडे चालत निघाला. ती हातात गार लागत होती. रस्ता नेहमीचाच होता, सायकली, हातगाड्या, गल्लीगल्लीतून येणारा विणकरांच्या मागांचा खडखडाट. ह्या आवाजातच तो वाढला होता. लहानपणी त्याला त्या खडखडाटात हाक ऐकू यायची. शब्द नसायचा, नुसती हाक, आणि तो जेवणावरून उठून ओसरीवर यायचा. जगदेवी विचारायची, काय झालं रे? काही नाही, तो म्हणायचा. आपण काय ऐकलं हे तिला सांगायचं नाही, एवढं त्या वयातही कळत होतं. अव्वा, म्हणजे त्याची जन्माची आई, गेली तेव्हाचं त्याला फार थोडं आठवत होतं. तिच्या ओल्या पदराचं टोक आपल्या मुठीत आहे आणि आपण चोखतोय, खारट. तिच्या पायांतली जोडवी फरशीवर वाजतायत आणि मध्येच वाजायची थांबतायत, खूप वेळ. आणि अप्पा दुकानाच्या ओसरीवर ज्वारीचा नमुना तळहातावर घेऊन फुंकतायत आणि त्याच्याकडे न बघता सांगतायत, अव्वा देवाकडं गेली. चेहरा मात्र नव्हता. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड होता. तिचा फोटो घरात कधी नव्हता, नाव निघत नव्हतं. जगदेवी बार्शीकडची, मराठी बोलणारी. ती आली आणि वर्षभरात घरातलं कानडी संपलं. त्यातलं बरंचसं अप्पांनीच संपवलं. शिवशरण एकदा कानडीत काहीतरी म्हणाला तेव्हा ते ताटावरून उठून गेले होते. 'अव्वा' हा शब्दही तेव्हाच गेला. जगदेवीला तो आई म्हणत आला, आणि तो शब्द खोटा नव्हता. तापात उशाशी बसलेली, हैदराबादच्या गाडीत बसवताना डबा देऊन पाठ फिरवणारी, ती आईच होती.

पण गेल्याच महिन्यात, अप्पांना रुद्रभूमीत ठेवून झालं, माती लोटून झाली, तेव्हा हात झाडता झाडता त्यानं जवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याला सहज विचारलं होतं, "अव्वाची जागा कुठली हो?" पाहुण्यानं बिल्वपत्रांच्या टोपलीत काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि तो दुसऱ्या माणसाशी बोलायला लागला. शिवशरणला वाटलं होतं, ऐकू आलं नसेल. आता काच काखेत धरून चालताना त्याला वाटलं, ऐकू आलं होतं. आणि घराच्या कोपऱ्यावर येईपर्यंत त्याला आणखी एक आठवलं: तो सतरंजीवर बसलाय, सगळे पुढं बघतायत, त्यानं मागं वळून पाहिलंय, आणि दारात अव्वा उभी आहे, ओठांवर बोट ठेवून. कुणीतरी त्याचं डोकं धरून पुढं वळवलंय. तो उंबऱ्यात थांबला. हे आपल्याला आधी आठवत होतं, की मल्लप्पानं विचारल्यापासून आठवायला लागलं? आतून जगदेवीनं विचारलं, "फोटो झाला का रं?" तो म्हणाला, "वेळ लागंल म्हणतात." काच त्यानं थेट बॅगेत ठेवली, कपड्यांच्या घडीत.

हैदराबादेत तो ज्या सरकारी कचेरीत होता तिथं आकाशातून काढलेली जमिनीची चित्रं यायची. चित्रं म्हणजे खरं तर आकडेच. जमिनीचा एकेक तुकडा किती उजळ, किती काळा, त्याचा एकेक आकडा, आणि असे लाखो आकडे टेपेवर. गणकयंत्राला ते खायला घालायचे आणि त्यातून शेत कुठलं, खडक कुठला, पाणी कुठलं हे वेगळं करायचं. शिवशरणच्या वाट्याला काळं आलं होतं. सोलापूरकडची काळी माती आणि तळ्याचं पाणी, दोन्ही वरून सारखीच काळी दिसतात, आणि काळ्यातलं काळं ओळखणं हे त्याचं काम होतं. उजेड भरपूर असतो तिथं आकडे शहाण्यासारखे वागतात. उजेड कमी पडला की यंत्राला गप्प बसता येत नाही. तिथं काहीच नसलं तरी ते तीन म्हणतं, मग पाच म्हणतं, मग दोन. आपल्याशीच पुटपुटल्यासारखं. कचेरीत ह्याला नॉइज म्हणायचे. काळं उजळायचं तर आकड्यांना गुणायचं असतं, पण खरं कुठलं आणि पुटपुट कुठली हे गुणाकाराला कळत नाही, दोन्ही सारखीच मोठी होतात. पुटपुट दाबायची तर शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी काढायची, मग ती दबते, पण बांधाच्या कडा, ओढ्याची रेघ, जे बारीक म्हणून खरं असतं तेही तिच्याबरोबर पुसून जातं. ह्या दोहोंमधली एक जागा शोधायची असते. सापडली नाही तर नकाशावर तिथं 'सांगता येत नाही' असं लिहायचं असतं. शिवशरण ते लिहायचा. हट्टानं लिहायचा. वरच्या साहेबांशी त्याचे दोनदा वाद झाले होते ते त्यावरूनच. त्यांना तळं हवं होतं, आणि हा म्हणत होता की इथं तळं आहे असं म्हणण्याइतका उजेडच आलेला नाही.

कचेरीतच एक यंत्र होतं, फोटोच्या काचेवरून उजेडाचा सुईएवढा ठिपका फिरवून जागोजागीच्या काळेपणाचे आकडे करणारं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते मोकळं असायचं. त्यानं दाराचा चौकोन तेवढा आकड्यांत आणला. पहिल्यांदा कागदावर छापून पाहिला तेव्हा काहीच नव्हतं, नुसते तीन, चार, तीन, दोन, चार. मग त्यानं गुणलं. मग त्या काळ्यातून करडी वाळू वर आली, नुसती वाळू, उकळत्या भातासारखी. मग थोडी सरासरी. वाळू बसली, आणि एका बाजूला, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, काहीतरी गोल राहिलं. छापखान्यासारख्या त्या मोठ्या यंत्रातून कागदाच्या लांब पट्ट्या निघायच्या, काळ्या जागी अक्षरांवर अक्षरं ठोकलेली, उजळ जागी एखादा ठिपका. त्या घरी आणून त्यानं शेजारी शेजारी चिकटवल्या आणि भिंतीला लावल्या. बायको पहिल्या बाळंतपणासाठी बीदरला माहेरी गेली होती, घर रिकामं होतं. जवळून पाहिलं की अक्षरांची गर्दी. मागं मागं सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलं आणि डोळे किंचित मिटले की कललेली मान.

मग ते लागलंच त्याच्या मागं. कचेरीत दुसऱ्यांच्या तालुक्यांवर काम करतानाही हात आपोआप त्या चौकोनाकडे जायचा. इथं थोडं जास्त गुणलं तर? ही कडा राखली आणि बाकीचं बसवलं तर? एका मंगळवारी त्यात डोळे उमटले. दोन खोल जागा, एकीकडे एक, मध्ये उजळ रेघ, ते नाक असणार. तो त्या कागदासमोर जमिनीवर बसून राहिला आणि त्याच्या तोंडाला पदराची खारट चव आली. दुसऱ्या दिवशी त्यानं एका ठिकाणी सीमा, म्हणजे कुठल्या आकड्यापासून उजळ धरायचं ते, बदलली, अगदी किंचित, आणि त्याच आकड्यांतून दुसरी बाई निघाली, रुंद जबड्याची, रागावलेली. आदल्या दिवसाची कुठं गेली? त्यानं परत आधीची सीमा ठेवली, ती परत आली. तिसऱ्या प्रकारानं केलं तर चेहराच नव्हता, नुसतीच वर निमुळती होत जाणारी एक आकृती. त्यानं तो कागद फाडला. फाडताना त्याला आपण काय करतोय ते दिसलं. दुसऱ्या कुणी हे करून आणलं असतं तर त्यानं विचारलं असतं: तुम्ही चेहरा सापडेपर्यंत सीमा हलवत राहिलात, मग तो सापडला ह्यात नवल ते काय? सांगता येत नाही, असं लिहा. पण हे वाक्य त्याला स्वतःला म्हणता येईना. कारण तो कागद लावल्यापासून घरात बरं वाटत होतं. कारण घरातून निघताना तो तिच्याकडे बघून निघायला लागला होता. कारण आता ती हाकही परत आली होती, दुपारी, कचेरीत, पंखे आणि यंत्रांच्या घरघरीत, आणि आता तिला चेहरा होता. त्याच वेळी कधी कधी भीतीही वाटायची, अगदी लहानपणची. ही दारात का उभी आहे? दुसरं लग्न लागलेल्या आपल्या नवऱ्याच्या मागं, अंधारात, मेलेली बाई का उभी आहे? आणि ती मेली नव्हती तर त्या दिवशी तिला आत कुणी ठेवलं होतं? अप्पांचा ज्वारी फुंकणारा तळहात त्याला आठवायचा. फोलपट उडून जायचं आणि दाणे राहायचे. अप्पांनी आणखी काय फुंकून उडवलं होतं?

बायकोला मुलगी झाल्याची तार आली. बीदरला जाऊन तो मुलीला पाहून आला. तिचं तोंड इतकं नवं, इतकं मिटलेलं होतं की त्यात कुणाचंच काही दिसेना. सासू म्हणाली, कपाळ तुमच्या आईवर गेलंय वाटतं. तिथून परतायच्या ऐवजी त्यानं सोलापूरची गाडी धरली. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून बरोबर आणलेल्याच होत्या. आपण त्या बरोबर घेऊन निघालो होतो हे त्याला गाडीत बसल्यावर जाणवलं.

सकाळी जगदेवी देवळात गेली तेव्हा त्यानं त्या माजघराच्या फरशीवर पसरल्या. भिंतीला लावायचं धाडस झालं नाही. ती परत आली, हातात बेलाची पुडी, आणि उंबऱ्यातच थांबली. अप्पा गेल्यापासून ती खंगली होती, गळ्यातलं लिंग छातीच्या हाडांवर आदळल्यासारखं दिसायचं.

"हे काय रं?"

"आई, ही बाई कोण आहे?"

तिनं कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिला हाताला धरून मागं नेलं, देवळीपाशी उभं केलं. "इथनं बघ. डोळे जरा बारीक कर. तुमच्या लग्नाच्या फोटोतलं मागचं दार आहे हे. ती दारात उभी आहे. ही अव्वा आहे ना?"

ती बराच वेळ बघत राहिली. त्याला तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मग ती पुढं गेली, कागदाच्या कडेशी उकिडवी बसली, आणि बोटानं त्या गोल भागाच्या खाली, खांद्याच्या खाली, आणखी खाली अशी रेघ ओढत आली.

"बाई न्हवं ही. उतरंड हाय. लग्नातली मडकी रचून ठिवलेली दारात, एकावर एक. वर माजं हळदीचं लुगडं टाकलं हुतं वाळायला. मी सोता टाकलं हुतं. नवरीनं असलं काम करू नये म्हनून तुजी आत्या बोलली मला, म्हनून ध्येनात हाय."

"मला आठवतं ती उभी होती. मी मागं वळून बघितलं होतं."

"तू सारखाच मागं बघत हुतास," जगदेवी म्हणाली. "फोटोवाला वराडत हुता पोराला पुढं बगू द्या म्हनून. पर ती तितं न्हवती बाळा. कशी असंल? तिला त्याच सकाळी गाडीत बसवून धाडलं. माजी वरात दारात आली, आनि तिची गाडी मागल्या बोळातनं गेली."

तो फरशीवर बसला. मागल्या बोळातनं. "मेली होती ना ती?"

बेलाची पुडी जगदेवीच्या हातात चुरगळली होती. "तुज्या पाठचं मेलेलं जन्मलं," ती शेवटी म्हणाली, "तवापासनं तिचं डोकं ठिकाणावर न्हवतं म्हनत्यात. मी न्हाय बगितलं, मी ऐकलेलं सांगती. चालता चालता थांबायची. तुला मांडीवर घिऊन हिरीच्या काठावर जाऊन बसायची, उठायचीच न्हाय. तुज्या अप्पांना भ्या वाटलं. कुनालाबी वाटंल. तिच्या भावाकडं धाडलं, अक्कलकोटच्या पल्याड. आनि तुला सांगितलं तसलं. म्हटले, पोरगं वाट बगत बसंल त्यापरीस रडून मोकळं हुईल. मग तू मोठा झालास, आनि सांगायचं तर कसं सांगायचं? माज्याकडनं इष्टलिंगावर हात ठिवून घेतला हुता त्यांनी."

"ती कधी गेली?"

"गेली न्हाय."

बाहेर गल्लीत माग चालू होते. तो ऐकत राहिला.

"हाय ती," जगदेवी म्हणाली. "दरसाली जायाचे की ते. सरकीचा सौदा हाय म्हनून सांगायचे. लुगडं मी घिऊन द्यायची. येऊन दोन दिस बोलायचे न्हाईत कुनाशी. आता ते गेले. मी तवापासनं इचार करतीया, यंदा लुगडं घिऊन कोन जानार?" आणि मग तिचा आवाज फुटला. "तू आता मला आई म्हननार न्हाईस. म्हनू नगंस. पर रागानं जाऊ नगं. जेवून जा."

तो जेवला नाही. पट्ट्या गोळाही केल्या नाहीत. न्हाणीघरात जाऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं, मारतच राहिला. त्याला राग हवा होता, आणि तो कुणावर करायचा ते सापडत नव्हतं. अप्पा मातीखाली होते. जगदेवी बाहेर भिंतीला टेकून बसली होती, तिनं पदर तोंडात धरला होता. सत्तावीस वर्षं. हैदराबादेत भिंतीपुढं बसून तो मडक्यांच्या उतरंडीला डोळे देत होता, नाक देत होता, त्या सगळ्या दुपारी ती कुठंतरी जेवत होती, ऊन लागलं म्हणून सावलीला सरकत होती. एस.टी.नं अर्धा दिवस. शाळेत असताना त्याची सहल अक्कलकोटला गेली होती, मठापाशी त्यांनी रांगेत बसून खिचडी खाल्ली होती. त्या बाजारात ती आली असेल का? कुणाचा तरी हात धरून? बाहेर आल्यावर तो जगदेवीपुढं उभा राहिला. "लुगडं दे," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, दाराशी चपला घालताना, "येतो आई," असं म्हणाला, आणि ती आतल्या आत कण्हली ते त्याला ऐकू आलं.

अक्कलकोटला उतरून पुढं एका टेम्पोत उभं राहून जावं लागलं. शेजारी बायका कानडीत बोलत होत्या. शब्द ओळखीचे वाटायचे, अर्थ हाताशी यायचा आणि सुटायचा. गाव नदीकाठचं, काळ्या मातीतलं, घरं बसकी. मामा कधीच वारला होता. त्याची सून मायाक्का दारात भेटली, काखेत पोर, बोलायला मोकळी. सोलापूरच्या चनबसप्पांचा मुलगा म्हटल्यावर तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पोर खाली ठेवलं.

"अप्पा न्हाईत आले?"

"अप्पा गेले."

"शिवा शिवा." "अत्तींना, तुमच्या अव्वांना, सांगू नगा. त्येंना वळखू येत्यात फक्त दोगं तिगं, त्यातला एक अप्पा. चहा ठिवती. त्या मागं हाईत बगा, उन्नात."

"बऱ्या आहेत?"

"बऱ्या हाईत की. तरास न्हाई काय. काम बी करत्यात. फकस्त मराठी समदं इसरल्या."

परसात ऊन सपाट पडलं होतं, कुठं सावली नव्हती. एका पोत्यावर तूर वाळत होती आणि तिच्याशेजारी एक म्हातारी सुपात दाणे घेऊन खडे वेचत होती. केस बारीक कापलेले, पांढरे. हात काळे, चपळ. तो तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. सगळं दिसत होतं. कपाळावरच्या विभूतीचे पट्टे, गालावरचा मस, वरच्या ओठावरचे केस, एका डोळ्यातलं पाणी. काही लपलेलं नव्हतं, आणि त्यातलं काहीही त्याच्या ओळखीचं नव्हतं. तो वाट बघत राहिला, आत काहीतरी हलेल म्हणून. हललं नाही. रस्त्यात दिसली असती तर तो बाजूनं निघून गेला असता. हैदराबादेतल्या भिंतीवरची बाई त्याला हिच्यापेक्षा जवळची होती, आणि ती मडकी होती. हे कळल्यावर त्याला इतकं एकटं वाटलं की त्यानं मायाक्का कुठं आहे हे मागं वळून पाहिलं.

म्हातारीनं मान वर केली. उन्हामुळं डोळ्यांवर हात धरला.

"यार मग नी?"

त्याला आधी मराठीतला 'मग' ऐकू आला. कोण, मग तू? मग खालून, फार खालून, शब्द वर आला. मग म्हणजे मुलगा. कुणाचा मुलगा तू?

"त्या समद्यांनाच इचारत्यात तसं," चहाची कपबशी घेऊन आलेली मायाक्का म्हणाली. "कोन बी आलं तरी. तलाठी आला तरी. तुमी काय बी सांगा."

तो उकिडवा बसला. लुगड्याची पुडी मांडीवर होती. पंचवीस-सव्वीस वर्षांत त्यानं ह्या भाषेत एक वाक्य केलं नव्हतं, आणि आता करायचं ते फक्त दोन शब्दांचं होतं.

"निन्न मग," तो म्हणाला. तुझा मुलगा. आणि मग, "अव्वा."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावरची पांढरी होऊ लागलेली झुलपं, चष्मा, शर्टाच्या खिशातलं पेन, पँटच्या इस्त्रीच्या कडा. तिचा चेहरा कठोर झाला नाही. समजुतीनं, परगावच्या चुकलेल्या माणसाला वाट सांगावी तसं ती म्हणाली,

"नन्न मग सण्णांव अदान."

माझा मुलगा लहान आहे.

म्हातारीनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग त्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटू नये म्हणून असेल, तिनं पोत्याची तूर हातानं मागं सारली, आपल्याशेजारी त्याच्यापुरती जागा केली, आणि त्या जागेवर दोनदा थापटलं.

"ईग बर्तान," ती म्हणाली. "कुंद्रु."

आता येईल तो. बस.

तो तिच्याशेजारी बसला.